बारामती ते इंदापूर: एकही मूळ संख्या नाही

बारामतीचा पिनकोड ४१३१०२, इंदापूरचा ४१३१०६. दोन्ही सम, म्हणजे मूळ संख्या नाहीतच. मधले तीन आकडे बघा. ४१३१०३ ला ३ ने भाग जातो, ४१३१०४ सम, ४१३१०५ ला ५ ने. झालं! बारामतीहून निघालात की इंदापूरपर्यंत एकही मूळ संख्या भेटत नाही :-)

हे आमच्याकडची पोरं पाच सेकंदांत सांगतात. स्पर्धा परीक्षांमुळे सगळ्या कसोट्या पाठ! पण अंकांची बेरीज करून ३ चा भाग का कळतो, असं विचारलं की उत्तर तयार, "दादा, हे परीक्षेला नसतं." अरे, १०, १००, १००० ला ३ ने भागलं की दर वेळी बाकी १ उरते, एवढंच तर आहे!

आता इंदापूरच्या एक पाऊल पुढे या. ४१३१०७. २, ३, ५, ७, ११, कोणाचाच भाग जात नाही. मूळ संख्या? नाही! ७३ गुणिले ५६५९. म्हणजे युक्त्या संपल्या तरी प्रश्न संपत नाही. वर्गमुळापर्यंत, इथे ६४२ पर्यंत, तपासावं लागतं.

मोठ्या संख्येत हीच तर गंमत आहे. १२३४५६७८९१०९८७६५४३२१ घ्या. दहापर्यंत चढायचं, परत उतरायचं. वीस अंकी, जावाच्या लॉंगमध्येही मावत नाही, आणि चक्क मूळ संख्या! हाताने खात्री करायची तर साडेतीनशे कोटींपर्यंत भागत बसा. फक्त विषम आकडे घेतले, सेकंदाला एक, न झोपता, तरी ५५ वर्षं. पण नऊवरूनच मागे फिरलात तर १२३४५६७८९८७६५४३२१ मिळते, आणि ती म्हणजे नऊ एकांचा, १११११११११ चा, सरळ वर्ग. दिसायला बहिणी, स्वभाव उलटे.

या वर्गांच्या कुटुंबाला 'डेम्लो' हे नाव दिलं द. रा. कापरेकरांनी. देवळालीच्या शाळेतले मास्तर, १९३० ते १९६२. ना संशोधनाची पदवी, ना संगणक. आणि २००२ मध्ये कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि झटपट ठरवण्याची रीत आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवालांनी शोधली, ती नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या दोन ताज्या बीटेक पोरांबरोबर.

"उपयोग काय?" आहे की! इंटरनेटवरच्या आरएसए कुलुपात तीनशे अंकी मूळ संख्यांची जोडी असते. पण माझा मुद्दा तो नाही. युक्ती पाठ असलेला मुलगा ४१३१०७ ला फसतो. 'का' विचारणारा फसत नाही, आणि पुढे कोडमधला बगही तोच शोधतो. म्हणून क्लासवाल्या सरांना एकच विनंती. प्रत्येक युक्तीमागे पाच मिनिटं 'का' ला द्या. परीक्षेला नसलं तरी.