चौकशी नको असलेला नायक

तेलुगू मारधाडपटांविषयी मराठी साहित्यव्यवहारात दोनच भूमिका आढळतात. पहिली नाक मुरडण्याची : हे सारे बटबटीत, अतिरंजित, अभिरुची बिघडवणारे आहे, त्यावर शाई खर्च करू नये. दुसरी खांदे उडवण्याची : ही निव्वळ करमणूक आहे, लोक पाहतात आणि विसरतात, एवढे मनावर कशाला घ्यायचे? दोन्ही भूमिकांचा शेवट एकच होतो. चित्रपट वाचला जात नाही. आमचा आक्षेप या न वाचण्याला आहे. ज्या कथा सर्वाधिक लोक पाहतात त्या कथांची चिकित्सा करायची नाही आणि शे-दोनशे प्रतींच्या संग्रहांवर मात्र चर्चासत्रे भरवायची, हा साहित्यविभागांचा शिरस्ता आता तपासला पाहिजे.

तळेगाव (श्यामजी पंत) हे वर्धा जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे गाव. नागपूर-अमरावती महामार्गावरचे, संत्र्याच्या पट्ट्यातले. अशा गावांत कडक पोलीस अधिकाऱ्याचा तेलुगू चित्रपट हिंदीत डब होऊन पोचतो. आधी तो दूरचित्रवाणीवरून पोचत असे, आता मोबाईलवरूनही पोचतो. त्याचे कथासूत्र सर्वांना पाठ आहे. एक शहर किंवा गाव गुंडाच्या मुठीत असते. आमदार त्याच्या खिशात, ठाणे त्याच्या पगारावर. मग बदली होऊन नवा ठाणेदार येतो. तो कोणालाही घाबरत नाही, कोणाचेही ऐकत नाही. मध्यंतरापर्यंत तो गुंडाच्या माणसांना मारतो आणि मध्यंतरानंतर गुंडाला. 'अंकुशम' (१९८९) या तेलुगू चित्रपटाचा 'प्रतिबंध' (१९९०) झाला, राजामौलींच्या 'विक्रमार्कुडु'चा (२००६) 'राउडी राठोड' (२०१२) झाला. हा व्यापार जुना आहे आणि तो एकाच दिशेने चालत नाही. 'दबंग'चा तेलुगूत 'गब्बर सिंग' (२०१२) झालाच की.

या प्रेक्षकाला अडाणी समजण्याची चूक आमच्या समीक्षेने वारंवार केली आहे. त्याची आवड खोट्या अनुभवावर उभी नाही. तक्रार नोंदवून घ्यायला लावणे किती अवघड असते, कोणाचा फोन आल्यावर खुर्ची पुढे सरकते, तारखेमागून तारीख कशी पडते, हे त्याला आपल्या प्राध्यापकांपेक्षा अधिक नेमके ठाऊक असते. चित्रपटाचा पहिला अर्धा भाग त्याला खरा वाटतो, कारण तो खराच असतो. प्रश्न उत्तरार्धाचा आहे. खऱ्या तक्रारीला तेथे जे उत्तर दिले जाते ते काय आहे, हे पाहण्याची जबाबदारी कथेचे वाचन शिकवणाऱ्यांची होती.

म्हणून एक उदाहरण जरा सावकाश पाहू. पुरी जगन्नाथ यांचा 'टेम्पर' (२०१५) आणि त्यावरून रोहित शेट्टींनी केलेला 'सिम्बा' (२०१८). दोन्हींत नायक लाचखाऊ पोलीस अधिकारी आहे. एका मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून होतो, तेव्हा तो बदलतो. दोन्हींत पुरावा उरत नाही आणि गुन्हेगार सुटण्याच्या बेतात असतात. येथून वाटा फुटतात. 'टेम्पर'चा दया न्यायालयात उभा राहून खोटे बोलतो, पण ते खोटे स्वतःवर ओढून घेतो : या कृत्यात मीही होतो, असा कबुलीजबाब देऊन तो गुन्हेगारांसोबत स्वतःसाठीही फाशी मागून घेतो. पुढे पडद्यावर रक्तपात व्हायचा तो होतोच. तरीही एक गोष्ट उरते. आपण आजवर ज्यांना पाठीशी घातले त्यांच्या गुन्ह्यात आपलाही वाटा आहे, हे त्या पात्राला कळलेले आहे आणि त्याची किंमत त्याने स्वतःच्या जिवाने मोजायला काढली आहे. मारधाडपटाच्या बेतात एवढा नैतिक विचार बसवणे ही लहान गोष्ट नव्हे.

'सिम्बा'ने नेमका हाच भाग काढून टाकला. तेथे आरोपींना ठाण्यातच गोळ्या घातल्या जातात आणि ते स्वसंरक्षण होते असे दाखवले जाते. चौकशीसाठी जो अधिकारी येतो तो असतो बाजीराव सिंघम, म्हणजे त्याच दिग्दर्शकाच्या २०११च्या चित्रपटाचा नायक. चौकशी करणाराच बनावात सामील आहे आणि चित्रपटगृहात त्याच्या आगमनाला शिट्ट्या पडतात. तेलुगूतून हिंदीत येताना नायकाचे नाव झाले संग्राम भालेराव. बोली मराठी, आडनाव मराठी, आसपासचे नटही अनेक मराठी. 'सिंघम'च्या बाबतीतही तेच. मूळ तमिळ 'सिंगम' (२०१०), अवतार मात्र शिवगडचा मराठी फौजदार. आपण या मराठीपणाने सुखावलो. पडद्यावर मराठी नायक आला याचा आनंद आपल्याला इतका झाला की तो नायक करतो काय, हे विचारायचे राहून गेले. तेव्हा दोष दाक्षिणात्य भडकपणाला देणाऱ्यांनी जरा थांबावे. या जोडीपुरते तरी बोलायचे तर विवेकाचा तुकडा तेलुगूत होता. तो गाळला गेला तो मराठी आडनाव लावताना.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. या चित्रपटांचा खरा शत्रू गुंड नाही. गुंड नायकाला हवाच असतो. त्याच्यावाचून नायकाला काम नाही. त्याला नको असते ती चौकशी. वरिष्ठाचा जाब, न्यायाधीशाचा प्रश्न, मानवी हक्क आयोगाची नोटीस, वकिलाची उलटतपासणी, हे सारे या कथांत एकतर विनोदी असते किंवा विकले गेलेले असते. पूर्वार्धात दाखवलेला अन्याय ज्या कारणाने शक्य झाला, म्हणजे ठाण्याला कोणी विचारणारे नाही, तेच कारण उत्तरार्धात न्यायाचे साधन म्हणून पुढे केले जाते. रोग आणि औषध एकच, फक्त बाटलीवरचे नाव बदललेले.

मराठी साहित्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून गोविंद निहलानींनी 'अर्धसत्य' (१९८३) केला. पटकथा विजय तेंडुलकरांची, चित्रपटाला नाव देणारी कविता दिलीप चित्र्यांची. भाषा हिंदी असली तरी त्या चित्रपटाचा सांगाडा मराठी लेखकांनी घडवला. त्यातील अनंत वेलणकरही चिडलेला, प्रामाणिक, हात उचलणारा फौजदार आहे. पण त्याच्या हातून कोठडीत एक माणूस मरतो, आणि तेथून कथेची चाल बदलते. चौकशीच्या भीतीने वेलणकर ज्याच्या दाराशी जातो तो रामा शेट्टी, म्हणजे ज्याला पकडण्यासाठी तो तळमळत होता तोच माणूस. गुंड आणि वर्दी यांना एकत्र आणते ती चौकशीची भीती, हे तेंडुलकरांनी इतक्या स्वच्छपणे मांडले की त्यावर वेगळे भाष्य करावे लागत नाही. शेवटी वेलणकर शेट्टीला ठार मारतो आणि ठाण्यात जाऊन स्वाधीन होतो. मारल्यानंतर तो ठाण्यात जातो ते जाब देण्यासाठी. पस्तीस वर्षांनी भालेरावच्या कथेत ठाणे ही बनाव रचण्याची जागा झाली. या पस्तीस वर्षांत मराठी समीक्षेने 'अर्धसत्य' अभिजात म्हणून कपाटात ठेवला आणि त्याचा प्रश्न रस्त्यावर सोडून दिला.

तळेगाव ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्याला तरी ही विस्मृती परवडणारी नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीच्या पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले. गोळीबारात आंदोलक मारले गेले; खवळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चंद्रपूरकडे चिमूरलाही असेच घडले. जमावाच्या हिंसेचा गौरव आम्ही करीत नाही. पण पुढचा हिशेब पाहावा. जमावावर खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या आणि देशभरातून मागणी झाल्यावर त्या जन्मठेपेत बदलल्या. म्हणजे लोकांच्या बाजूची चौकशी पुरेपूर झाली. दुसऱ्या बाजूचे काय? चिमूरमध्ये सैनिकांनी व पोलिसांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी होत्या आणि चौकशीला सरकार तयार नव्हते. तेव्हा सेवाग्राम आश्रमातील प्रा. भन्साळी उपोषणाला बसले. ते उपोषण ६३ दिवस, जानेवारी १९४३ पर्यंत चालले. त्याची बातमी छापण्यावरही सरकारने बंदी घातली. वर्दीतल्या माणसाची चौकशी व्हावी एवढ्या मागणीसाठी एका माणसाने आपला जीव पणाला लावला, तो याच जिल्ह्यात. आष्टीचे हुतात्मे येथील भाषणांत दरवर्षी येतात. भन्साळींची मागणी क्वचितच येते, कारण ती अजून अडचणीची आहे.

आता करमणुकीचा युक्तिवाद. चित्रपट पाहून कोणी खून करीत नाही, हे आम्हांस मान्य आहे. कथा कृती करवीत नाही. ती संमती तयार करते. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवर बलात्कार करून तिचा खून केल्याच्या आरोपावरून पकडलेले चौघे पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हा लोकांनी त्या पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते न्या. विकास सिरपूरकर, नागपुरात वकिली केलेले, म्हणजे आपल्याच मातीतले. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अहवालाने सांगितले की गोळ्या मारण्याच्या हेतूनेच झाडल्या गेल्या होत्या आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. पाकळ्या उधळल्याची चित्रे सर्वांनी पाहिली. अहवाल किती जणांनी वाचला? सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी 'सिंघम'सारखे चित्रपट घातक संदेश देतात असे जाहीरपणे सांगितले. एका वर्षाने, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूरच्या शाळेतील प्रकरणाचा आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि मुंबईत सूडाचा जयघोष करणारे फलक झळकले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पाच पोलिसांना जबाबदार धरले. बरोबर दहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, मुंबईतल्या चकमकींवरूनच उभ्या राहिलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूच्या चौकशीची रीत ठरवून दिली होती. फलकांवर त्या निकालाला जागा नव्हती. फलक लिहिणाऱ्यांना पटकथा तयार मिळाली होती.

शेवटचा आणि सर्वांत जड युक्तिवाद असा : न्यायालयांना वेळ लागतो, गुंड मोकळे फिरतात, मग एखाद्या कडक अधिकाऱ्याने निकाल लावला तर काय बिघडले? याला उत्तर विदर्भानेच दिले आहे, दोनदा. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी पोलीस होते. नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. १९७९ मध्ये चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर चळवळ झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ज्या ठाण्याला विचारणारे कोणी नसते त्या ठाण्यात केवळ गुंडच जात नाही, मथुराही जाते, हे ध्यानात ठेवावे. दुसरे उत्तर १३ ऑगस्ट २००४ चे. नागपूरच्या कस्तुरबानगर वस्तीला वर्षानुवर्षे छळणारा अक्कू यादव जिल्हा न्यायालयात स्त्रियांच्या जमावाकडून मारला गेला. पोलिसांकडे तक्रारी करून काही झाले नव्हते. तेथे कोणीही बदली होऊन आले नाही, कोणाच्याही गाडीने धूळ उडवली नाही. त्या स्त्रियांनी जे केले ते न्याय म्हणून पुढे करणे आम्हांस जमणार नाही. पण त्यांना तेथवर ढकलणारी उणीव होती ती तक्रार नोंदवण्याची आणि तपासाची. अधिक गोळ्यांनी ती भरून निघत नाही.

तेव्हा आमची मागणी बंदीची नाही, बहिष्काराचीही नाही. मराठीच्या वर्गात 'सूर्य' वाचली जावी, 'अर्धसत्य' दाखवला जावा, आणि त्याच आठवड्यात 'टेम्पर' व 'सिम्बा' शेजारीशेजारी ठेवून विद्यार्थ्यांना विचारले जावे : नायकाने चूक केली तर या कथेत त्याला विचारणारे कोण आहे? तो विचारणारा कथेने हास्यास्पद का केला? अनुवादात काय गळले आणि ते गळल्याने कोणाची सोय झाली? हे प्रश्न कथनमीमांसेचेच आहेत. त्यासाठी नवा अभ्यासक्रम मंजूर होण्याची वाट पाहावी लागत नाही. आष्टी तालुक्यातल्या विद्यार्थ्याला तर यासाठी दूरचे दाखले नकोत. त्याच्या तालुक्यातले ठाणे, त्याच्या जिल्ह्यातले उपोषण आणि त्याच्या मोबाईलमधला चित्रपट, एवढे साहित्य पुरेसे आहे. ते वर्गात आणायचे की नाही, हे मात्र शिकवणाऱ्यांनी ठरवायचे आहे.