दान नव्हे, धोक्याचे हस्तांतर!

दसरा उलटला की मध्यमवर्गीय घरांत दिवाळीची आवराआवर सुरू होते आणि माळ्यावरची खेळण्यांची पेटी खाली उतरते. रंगाचे पोपडे निघालेली मोटार, बॅटरीच्या कप्प्याचे झाकण हरवलेले गाणारे बदक, एक डोळा तुटलेले अस्वल, जत्रेत घेतलेला भडक रंगाचा खुळखुळा. घरच्या बाळाच्या हाती हे द्यायला आई धजत नाही आणि फेकून द्यायला आजीचे मन होत नाही. मग ठरलेला तोडगा निघतो : कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलांना द्यावे, किंवा वस्तीतील बालवाडीसाठी कार्यकर्ते गोळा करीत आहेत, तिकडे पाठवावे. पेटी रिकामी होते आणि पुण्यही पदरी पडल्यासारखे वाटते.

हे समाधान खोटे आहे. जे खेळणे घरच्या बाळासाठी धोक्याचे, ते दुसऱ्याच्या बाळासाठी सुरक्षित कसे? घर बदलल्याने शिशाचा गुणधर्म बदलत नाही.

आईची शंका निराधार नाही. ऑगस्ट २००७ मध्ये मॅटेल या अमेरिकी कंपनीला चीनमध्ये तयार झालेली सुमारे १५ लाख खेळणी शिसेयुक्त रंगामुळे परत मागवावी लागली. त्याच महिन्यात तिने सुटणाऱ्या छोट्या चुंबकांच्या धोक्यापायी जगभरातून सुमारे १ कोटी ८० लाख खेळणी परत मागवली आणि चुंबकांचा दोष आपल्याच आराखड्यातला होता, अशी कबुली सप्टेंबरमध्ये दिली. भारताने २३ जानेवारी २००९ रोजी चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घातली. मात्र मार्चच्या आरंभीच ती सैल करून प्रमाणपत्र असलेल्या मालाला वाट मोकळी केली. पुढे दशक लोटले. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली परिसरातील बाजारांतून १२१ प्रकारची खेळणी घेऊन तपासली, तेव्हा आयात खेळण्यांपैकी ६६.९० टक्के खेळणी सुरक्षा चाचणीत नापास झाली.

तेव्हा कुठे शासन खडबडून जागे झाले. २०२० मध्ये आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले. त्याच वर्षी गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर, मग ती देशी असोत वा विदेशी, आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले. २०१८-१९ मध्ये ३७ कोटी डॉलरच्या घरात असलेली खेळण्यांची आयात २०२१-२२ मध्ये ११ कोटी डॉलरपर्यंत खाली आली. हे यश मोठे आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु कायद्याची सत्ता दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत चालते. माळ्यावरच्या पेटीत कोणी निरीक्षक येत नाही. तिथे निर्णय कुटुंबाचाच.

हा निर्णय टाळण्यासाठी तीन युक्तिवाद पुढे केले जातात. पहिला : "आम्ही नाही का असल्याच खेळण्यांशी खेळलो? काय झाले?" शिसे ताप आणत नाही, पुरळ उठवत नाही, ते वाढत्या मेंदूवर मुकाट्याने घाव घालते. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२०च्या अहवालाच्या अंदाजानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम वा अधिक आहे आणि त्यांपैकी २७ कोटींहून अधिक मुले भारतातील आहेत. खेळण्यांचा रंग हा त्याच्या अनेक स्रोतांपैकी एकच खरा. पण तो थेट बाळाच्या तोंडात जाणारा आहे.

दुसरा युक्तिवाद स्वदेशीचा : चिनी तेवढे घातक, आपले ते निर्धोक. स्वदेशीचा अर्थ इतका स्वस्त करू नये. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे आणि चन्नपट्टणची लाखेची खेळणी हे या भूमीचे वैभव आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन लाभलेल्या वस्तूंना आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे, ती योग्यच. मात्र जिथे चिन्ह नाही तिथे ग्राहकाचे कर्तव्य वाढते. रंग कोणता वापरला, हे कारागिराला विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. प्रामाणिक कारागिराला त्या प्रश्नाने बळच मिळते. आणि पत्र्याच्या शेडमध्ये निकृष्ट रंग फासून तयार झालेला भोवरा केवळ शेड आपल्या गावात आहे म्हणून पवित्र होत नाही.

तिसरा युक्तिवाद सर्वांत घातक, कारण तो करुणेचा वेश घेऊन येतो : "त्या बिचाऱ्यांना तेवढेच तरी मिळेल." गिळलेल्या शिशातील प्रौढाच्या शरीरात जेवढे शोषले जाते, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या शरीरात शोषले जाऊ शकते, आणि आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल तर ते प्रमाण आणखी वाढते. म्हणजे बंगल्यातून वस्तीत गेलेले तेच खेळणे कुपोषित मुलाला अधिक बाधते. मोटारीतल्या बटणासारख्या बॅटरीचेही तसेच. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. ज्या घराजवळ रात्री-अपरात्री रुग्णालय नाही आणि वाहनही नाही, त्या घरी अशी वस्तू धाडणे ही कसली सेवा?

कठोपनिषदात वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा यज्ञ मांडला आणि दक्षिणेत दिल्या त्या म्हाताऱ्या, भाकड गाई. उपस्थितांपैकी कोणी बोलले नाही. बोलला तो त्याचा कोवळा मुलगा नचिकेता. निरुपयोगी वस्तूच्या दानाने दात्याचे भले होत नाही, हे त्याला उमगले होते. येथे तर वस्तू नुसती निरुपयोगी नाही, अपायकारक आहे. भाकड गाय निदान घेणाऱ्याला विष तरी देत नव्हती!

मग करायचे काय? पेटी उघडावी आणि प्रत्येक खेळणे हाती घेऊन पाहावे. रंग सुटतो का? सुमारे सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या नळीत मावेल असा तुकडा निखळतो का? चुंबक सैल आहे का? बॅटरीचा कप्पा स्क्रूने बंद होतो का? आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर पडताळता येतो. रंग सुटलेले खेळणे उकळून वा घासून शुद्ध होत नाही. घासल्याने उलट शिशाची धूळ घरभर पसरते. दोष आढळलेले खेळणे पुन्हा वापरता येणार नाही असे करून पालिकेच्या यंत्रणेकडे घातक कचरा म्हणून वेगळे द्यावे. मात्र रंगाचे खेळणे फोडू नये, ते पिशवीत बांधून तसेच द्यावे. बॅटरीवरची खेळणी २०२२च्या नियमांनुसार ई-कचऱ्यात जातात. ती अधिकृत संकलकाकडेच सोपवावीत. होळीत मुळीच टाकू नयेत. पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत जातात.

वस्तीसाठी संकलन करणाऱ्या कार्यकर्त्यांनीही घरोघरच्या पेट्या डोळे मिटून स्वीकारू नयेत. सदोष खेळणे नम्रपणे परत करण्याचे धैर्य हाही सेवेचाच भाग आहे. दहा तुटक्या मोटारींऐवजी एक नवा, चिन्ह पाहून घेतलेला चेंडू द्यावा. वस्तीतले मूल हे समाजाचेच मूल आहे असे व्यासपीठावरून म्हणणे सोपे असते. ते वाक्य खरे मानणाऱ्या घराला एकच कसोटी पुरेशी आहे : जे आपल्या बाळाच्या तोंडी जाऊ देणार नाही, ते कोणाच्याही बाळाच्या हाती देणार नाही.