शस्त्रकर्म झाले, पण कोणते?

“डॉक्टर, हिचं बायपास झालंय.” रुग्णेसोबत आलेले नातेवाईक असे सांगतात आणि आपण केसपेपरवर तेवढेच लिहून घेतो. आमचा अनुभव असा, की ग्रामीण भागात हृदयावरील कोणत्याही शस्त्रकर्माला ‘बायपास’च म्हटले जाते. रुग्णाने असे म्हणणे समजण्यासारखे आहे. वैद्याने त्यावर विसंबून औषधयोजना करणे मात्र क्षम्य नाही, आणि ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे.

काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एक बाई संधिशूलासाठी आमच्याकडे आल्या. छातीवर मधोमध उभा व्रण होता. ‘बायपास’ अशी नोंद करून आम्ही गुग्गुळकल्प व लसूणक्षीरपाक दिला. तीन आठवड्यांनी नाकातून येणारे रक्त थांबेना, म्हणून त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. आय.एन.आर. पाचाच्या वर गेला होता. कोणत्या द्रव्याने त्यात किती भर घातली हे आज सिद्ध करता येणार नाही. परंतु बाईंच्या हृदयात यांत्रिक झडप आहे आणि त्या रोज वॉरफरिन घेतात, हे आम्ही विचारलेच नव्हते. त्यांचे यजमान नंतर म्हणाले, “रात्री सामसूम झाली, की हिच्या छातीत घड्याळ वाजतं.” ती टिकटिक आम्हाला पहिल्याच दिवशी ऐकू यावयास हवी होती.

बायपासमध्ये झडपेचा संबंध नसतो. हृदयाच्या मांसाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या अवरुद्ध झाल्या, की पायातील शीर किंवा छातीच्या आतील धमनी जोडून अवरोधाच्या पुढे नवा मार्ग काढला जातो. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. रेने फावालोरो यांनी १९६७ साली पायातील शीर वापरून ही पद्धती रुजविली. अँजिओप्लास्टी तर खऱ्या अर्थाने शस्त्रकर्मच नव्हे. १९७७ साली झुरिच येथे डॉ. ग्रुंटझिग यांनी फुग्याने धमनी आतून रुंद केली; पुढे तेथे जाळी, म्हणजे स्टेंट, बसविण्याची पद्धत आली. या रुग्णाच्या छातीवर व्रण नसतो, म्हणून आपण निर्धास्त राहतो. धोका येथेच आहे. जाळी बसविल्यानंतरचे काही महिने, बहुधा सहा ते बारा, रक्तकणिकांना चिकटू न देणाऱ्या दोन गोळ्या चालू असतात. “आता आमचे औषध घ्या, त्या गोळ्या सोडा” असे कोणी सांगितले, तर जाळीत गुठळी होऊन रुग्ण दगावू शकतो. असे सांगणारे आपल्यात आहेत, हे मान्य केलेच पाहिजे.

झडपेचे शस्त्रकर्म निराळे. यांत्रिक झडप (तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली भारतीय झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम बसविली गेली) दीर्घकाळ टिकते, पण वॉरफरिन जन्मभर घ्यावे लागते. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेली झडप असेल तर ते बहुधा काही महिनेच लागते. मात्र ती झडप कालांतराने झिजते. वॉरफरिनच्या रुग्णास लसूण, आले, हळद, गुग्गुळ औषधी मात्रेत देताना शतदा विचार करावा. पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढविण्याचा सल्लाही आय.एन.आर. खाली आणतो. गुग्गुळाविषयी आणखी एक गोष्ट: प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांची रक्तातील मात्रा त्यामुळे घटते, असे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात दिसले होते.

हृदयप्रत्यारोपण झालेला रुग्ण आपल्याकडे क्वचितच येईल. आला, तर व्याधिक्षमत्व वाढविण्यासाठी गुळवेल देण्याचा मोह आवरावा. त्याचे व्याधिक्षमत्व मुद्दामच दडपून ठेवलेले असते.

ओळखायचे कसे? फाईल मागावी, हे उत्तम. ती नसेल तर पाय पाहावेत. छातीसोबत पोटरीवर किंवा मांडीवर लांब व्रण असेल तर बहुधा बायपास. मात्र केवळ धमन्या जोडल्या असतील तर पाय स्वच्छ असतो. छातीवर व्रण, पाय स्वच्छ आणि स्टेथोस्कोपमध्ये धातूसारखी टिकटिक, तर यांत्रिक झडप. उरोस्थी दुभंगून तारेने जोडलेली असते. पहिले तीन महिने छातीवर मर्दन नको, वमन तर नकोच. हृदय हे सद्यःप्राणहर मर्म आहे, हे आपण पदवीपरीक्षेत लिहून आलो आहोत.

औषधविक्रेत्या बंधूंनाही आमची विनंती आहे. ज्येष्ठमधाचे चूर्ण खोकल्यासाठी सहज हातावर ठेवले जाते. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या व डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णात त्याने पोटॅशियम घटून हृदयाची गती बिघडू शकते. ‘हृदयाच्या गोळ्या चालू आहेत का?’ एवढे विचारण्यास अर्धा मिनिट पुरतो. गिऱ्हाईक जाईल, ही भीती आम्हाला खरी वाटत नाही.

आमच्या केसपेपरवर आता ‘शस्त्रकर्म: कोणते, केव्हा, चालू गोळ्या’ असा स्वतंत्र रकाना छापलेला आहे. त्या बाई अजूनही येतात. गुडघ्यांना बाहेरून तेल लावतात, आणि खुर्चीत बसण्याआधी आय.एन.आर.चा कागद टेबलावर ठेवतात.