सार्वजनिक म्हणजे बेवारस नव्हे



"सार्वजनिक जागेची निगा राहत नाही, ती खासगी मालकाला द्या," हा मंत्र आम्हाला रोज ऐकवला जातो. ऐकवणाऱ्यांच्याच आवडत्या खेळाचा दाखला घ्या. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचे जुने गोल्फ मैदान जगभर नावाजलेले आहे, आणि ते सार्वजनिक आहे. १७९७ मध्ये कर्जबाजारी नगरपालिकेने ती जमीन हातची घालवली. व्यापाऱ्यांनी तिथे ससे पाळले. खेळणारे वर्षानुवर्षे भांडले. १८९४ मध्ये नगरपालिकेने जमीन परत घेतली. १९७४ पासून कारभार विश्वस्तांकडे आहे.

आज पाहुणा भरपूर शुल्क मोजतो, गावकऱ्याला वर्षाचा पास स्वस्तात मिळतो, कमाई मैदानांवरच खर्च होते. हिवाळ्यात गवत उखडू नये म्हणून चेंडू छोट्या चटईवर ठेवून मारायचा. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी खेळ बंद; जमीन विसावते, लोक फिरायला येतात. गिऱ्हाईक रुसेल म्हणून नियम सैल होत नाहीत. म्हणूनच मैदान टिकते, गिऱ्हाईकही टिकते.

जमिनीला विसावा लागतो, हे कोरडवाहूवाल्यांना कोणी शिकवावे? निगा सातबारावरच्या नावाने राहत नाही. हक्क सांगणारे, नियम पाळणारे आणि हिशेब मागणारे लोक असले, तरच राहते.