सेल फेकण्यापूर्वी नाडी तपासा

रात्री वीज जाते. घाईघाईने टॉर्च शोधला जातो आणि तो दोन मिनिटे मिणमिणून विझतो. सेल तर कालच चार्ज केलेले! वैतागून सकाळी तिन्ही सेल कचऱ्यात जातात आणि नवा संच घरी येतो. प्रत्यक्षात पुष्कळदा तिघांपैकी दोन सेल ठणठणीत असतात, दोष एकाचाच असतो. तो कोणता, हे डोळ्यांना दिसत नाही. मल्टिमीटर मात्र ते सांगू शकतो.

मीटर कसा निवडावा?

काट्याच्या मीटरपेक्षा आकडे दाखवणारा डिजिटल मीटर घरासाठी सोयीचा. त्यावर डी.सी. व्होल्टची २ व्होल्टची पट्टी असावी. या पट्टीवर दशांशानंतर तीन आकडे दिसतात आणि सेलच्या बाबतीत सारा फरक तिथेच असतो. स्वतःच पट्टी निवडणारा 'ऑटोरेंज' मीटर नवख्यांना सोपा जातो. काही मीटरवर 'बॅटरी टेस्ट' अशी खूण असते. ती बहुधा १.५ व्होल्टच्या साध्या सेलसाठी असते. रिचार्जेबल सेल मुळातच १.२ व्होल्टचा असल्याने तिथे चांगला सेलही 'कमजोर' ठरू शकतो. स्वस्त मीटर सेल तपासायला चालतो, पण घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो खुपसण्याचे धाडस करू नये.

तपासणीची रीत

निकेल मेटल हायड्राइड जातीचा पेन्सिल सेल पूर्ण चार्ज करून तासभर बाजूला ठेवावा. मग लाल प्रोब धन टोकाला, काळी ऋण टोकाला लावावी. आकडा १.३ ते १.४ व्होल्टच्या दरम्यान आला, तर सेल भरलेला आहे. १ व्होल्टच्या खाली आला, तर तो रिकामा समजावा.

पण एवढ्यावर विसंबू नये. मीटर सेलमधून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. ओझे न देता हमालाची ताकद ठरवण्यासारखेच हे! म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ४.७ ओहम, १ वॉटचा रेझिस्टर आणावा. तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो. त्याची दोन टोके सेलच्या दोन टोकांना जोडून सेलला सुमारे पाव अँपिअरचे ओझे द्यावे आणि दहा सेकंदांनी पुन्हा व्होल्ट मोजावेत. प्रोब सेलच्या टोकांनाच टेकवाव्यात, रेझिस्टरच्या तारांना नव्हे.

समजा, तिन्ही सेल आधी १.३२ व्होल्ट दाखवत होते. ओझे दिल्यावर दोन सेल १.२९ वर थांबले आणि तिसरा १.०५ वर घसरला. चोर सापडला! त्याच्या आत रोध वाढला आहे. चार्जरने तो 'भरला' म्हटले तरी कामाच्या वेळी तो दगा देणार.

असा एक सेल साऱ्या संचाला मारक ठरतो. एकापुढे एक जोडलेल्या सेलमधून सारखाच प्रवाह वाहतो. कमजोर सेल आधी रिकामा होतो, तेव्हा इतर सेल त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात. त्याची टोके उलटी होऊन तो आणखी बिघडतो. म्हणून एकाच वेळी घेतलेल्या सेलवर तारीख व क्रमांक लिहून त्यांचा संच एकत्रच वापरावा.

शिल्लक ताकद किती?

वेष्टनावर २००० एमएएच लिहिलेला चांगला सेल याच रेझिस्टरवर साडेसात-आठ तास टिकायला हवा. दर अर्ध्या तासाने व्होल्ट मोजून टिपावेत आणि १ व्होल्ट येताच रेझिस्टर काढावा. तीन-चार तासांतच तो आकडा आला, तर सेलची ताकद निम्म्यावर आली आहे. असा सेल टॉर्चमधून काढून भिंतीवरच्या घड्याळात लावावा. ही चाचणी रात्रभर लावून झोपू नये. सेल पार रिकामा होऊन बिघडतो.

हे लक्षात ठेवा

मीटर अँपिअरच्या पट्टीवर असताना प्रोब थेट सेलला कधीच लावू नयेत. सेल शॉर्ट होतो, मीटरचा फ्यूज उडतो आणि फ्यूज नसेल तर तारा तापतात.

मीटरच्या आतली बॅटरी उतरली, की तो खोटे आकडे दाखवू लागतो. पडद्यावर बॅटरीची खूण येताच ती बदलावी.

लिथियम सेलचे गणित निराळे आहे. सर्वसाधारण लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो, ३ व्होल्टच्या आसपास तो रिकामा असतो. फुगलेला सेल तपासत बसू नये, चार्ज तर मुळीच करू नये. यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे नवे पेन्सिल सेल आतल्या सर्किटमुळे शेवटपर्यंत जवळपास तेवढेच व्होल्ट दाखवतात. त्यांच्या बाबतीत मीटरच्या आकड्यावरून चार्ज किती उरला ते कळत नाही.

निकामी ठरलेला सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या वेगळ्या काढून संकलन केंद्राकडे किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे देणे अपेक्षित आहे. आणि बाकीचे दोन? त्यांना जोडीदार म्हणून नवाकोरा सेल देऊ नये. दोन सेलवर चालणाऱ्या रिमोटमध्ये ते सुखाने नांदतील.