रॅक बदलण्याआधी टायरची हवा बघा

स्टेअरिंग जड झालं की आपण गॅरेज गाठतो, आणि तिथे कुणी ‘रॅक गेली’ म्हणालं की मान डोलावून मोकळे होतो. कामशेत, वडगाव, लोणावळा भागातल्या गाडीवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की रॅक, म्हणजे स्टेअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं वळवणारा भाग, ही सगळ्यात शेवटी बदलायची वस्तू. तिच्याआधी ज्या गोष्टी तपासायच्या, त्यातल्या बऱ्याचशा तुम्हाला दारात उभं राहून, एक पैसा खर्च न करता तपासता येतात.

पहिली हवा. पुढच्या चाकांत हवा कमी असेल तर उत्तम स्टेअरिंगही जड लागतं, विशेषतः गाडी जागेवर वळवताना. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर तुमच्या गाडीचा आकडा असतो. पंपावरच्या पोराला सवयीने ‘बत्तीस मार’ सांगू नका, पट्टी वाचा. आणि हवा तपासायची ती टायर थंड असताना, सकाळी निघताना. पवनानगरहून दामटत आल्यावर तपासली तर आकडा फुगलेला दिसणार.

गाडी एका बाजूला ओढत असेल, तर अलाइनमेंट किंवा टायर बघा. ऐंशी-नव्वदच्या वेगाला थरथरत असेल तर बॅलन्सिंग. खड्ड्यातून जाताना पुढून टक-टक येत असेल तर टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, बुश. पॉवर स्टेअरिंगवर यातलं काही ढकलायचं नाही. जुन्या इकोवाले ‘पॉवर स्टेअरिंग बघा जरा’ म्हणत येतात तेव्हा तर कपाळाला हात लावावा लागतो. त्या गाडीला ते मुळातच नाही!

आता तुमच्या गाडीत कोणतं पॉवर स्टेअरिंग आहे ते ओळखा. बॉनेट उघडा. झाकणावर स्टेअरिंगच्या चाकाचं चित्र असलेली छोटी टाकी दिसली, तर ते तेलावर चालणारं, हायड्रॉलिक. बोलेरो, जुनी इनोव्हा अशा गाड्यांत ते सापडेल. टाकी नसेल, तर बहुधा ते विजेच्या मोटरवर चालतं. मोटरवाली पद्धत आणली सुझुकीनेच, जपानमध्ये, १९८८ साली सर्व्हो नावाच्या छोट्या गाडीत. आज आपल्या बहुतेक लहान गाड्यांत तीच आहे.

तेलावाल्या स्टेअरिंगचं बरं असतं, ते बोलतं. वळवताना ‘ऊंऽऽ’ असा रडका आवाज आला, तर तेल कमी झालंय किंवा त्यात हवा शिरलीय. टाकीत फेस दिसला की हवेचीच शंका घ्या. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या नळीची क्लिप सैल असली तर पंप तेलाबरोबर हवाही ओढतो. ‘चींऽऽ’ असा चिरका आवाज असेल, तर बेल्ट घसरतोय. मावळातल्या पावसात हे फार होतं. डबक्यातून गाडी काढली, बेल्टवर पाणी उडालं, दोन-चार सेकंद स्टेअरिंग दगडासारखं झालं आणि परत हलकं झालं, तर बेल्ट गुळगुळीत झालाय किंवा सैल पडलाय. इंजिन बंद करून त्याच्या आतल्या बाजूच्या भेगा बघा. चालू इंजिनात बोट घालायचं नाही, कितीही घाई असली तरी. आवाज काहीच नाही, पण इंजिन मंद चालू असताना जड आणि रेस दिली की हलकं, असं असेल तर बेल्ट आणि तेल बघून झाल्यावर संशय पंपावर घ्यावा.

तेल कमी दिसलं की ओतायचं आणि विसरायचं, ही आपली मोठी खोड. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, हे तेल जळत नाही. कमी झालं म्हणजे कुठून तरी बाहेर पडलंच. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा, सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. रॅकच्या दोन टोकांना रबरी घड्यांचे बूट असतात. ते आतून तेलाने ओले असतील, तर मात्र रॅकचं सील गेलं हे खरं. भातलावणीच्या दिवसांत नाणे मावळातल्या, आंदर मावळातल्या चिखलवाटांवर जाणाऱ्यांनी हे बूट फाटलेत का ते बघत राहावं. फाटक्या बुटातून आत गेलेला चिखल आणि पाणी रॅक खातं. बूट स्वस्त असतो, रॅक नाही.

तेल कोणतं घालायचं ते टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुष्कळ गाड्यांत लाल रंगाचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल चालतं, सगळ्यांत नाही. ब्रेक ऑइल चुकूनही ओतू नका, त्याने सीलचं रबर फुगतं आणि पंपापासून रॅकपर्यंत सगळं बसतं. आणि चाक पूर्ण वळवून तसंच धरून ठेवू नका. त्या वेळी पंप जास्तीत जास्त दाबावर राबत असतो आणि तेल तापतं.

विजेचं स्टेअरिंग मात्र मुकं असतं. त्याची भाषा म्हणजे डॅशबोर्डवरचा दिवा. चावी फिरवली की दिवा लागला पाहिजे, इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. लागून राहिला तर आधी बॅटरी. गाडी उभी असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना चौदाच्या आसपास आकडा हवा. ही मोटर वीज भरपूर ओढते, त्यामुळे म्हातारी बॅटरी, पांढरी-हिरवी बुरशी धरलेलं टर्मिनल किंवा सैल अर्थिंग एवढ्यावरही ती रुसते. एकवीरेच्या पायथ्याला पार्किंगमध्ये मागे-पुढे करत चाक वारंवार शेवटपर्यंत वळवलं आणि ते जड होत गेलं, तर घाबरू नका. मोटर तापली की ती स्वतःला वाचवण्यासाठी मदत कमी करते. थोडा वेळ थांबा, पूर्ववत होईल. थंड झाल्यावरही तसंच राहिलं किंवा दिवा लागला, तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढायला सांगा. पुसल्यावर दिवा जातो, दोष तिथेच राहतो.

घाटाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. कामशेतची खिंड असो की खंडाळ्याचा उतार, डिझेल-पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे अजून आहेत. इंजिन बंद झालं की स्टेअरिंगची मदत जाते, ब्रेकही दोन-तीन दाबांनंतर दगड होतो, आणि चावी लॉकपर्यंत फिरली किंवा काढली तर चाकच अडकतं. वाचणारे पैसे चहाचे, आणि डाव सगळ्या कुटुंबाचा.

चालत्या गाडीत मदत अचानक गेलीच, तर एक लक्षात ठेवा: स्टेअरिंग तुटलेलं नाही, चाकं अजून वळतात, फक्त जोर लागतो. दोन्ही हातांनी धरा, वेग हळूहळू उतरवा, इंजिन चालू असेल तर चालूच ठेवा, इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या. तेलावाल्या गाडीत स्टेअरिंग जड होताना बॅटरीचा दिवाही लागला, तर बेल्ट तुटला असं समजा. काही गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो, म्हणून लगेच थांबा, नाहीतर इंजिनही जाईल. एक्स्प्रेसवेवर असाल तर माणसं गाडीत बसवून ठेवू नका, रेलिंगच्या पलीकडे उभी करा आणि ११२ ला फोन लावा.

गॅरेजमध्ये गेल्यावर ‘स्टेअरिंग बघा’ एवढंच सांगू नका. थंड गाडीत जड होतं की तापल्यावर, जागेवर की पळताना, एका बाजूला की दोन्हीकडे, पाऊस होता का, आवाज कसला येतो, हे सांगा. नुसतं ऐकून रॅक सांगणाऱ्याला विचारा, की बूट उघडून बघितलास का? काढलेला जुना भाग परत मागा आणि बिलावर नव्याचं नाव लिहून घ्या. शिवाय चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा. २०२३ च्या जुलैमध्ये मारुतीने एस-प्रेसो आणि इको मिळून ८७,५९९ गाड्या स्टेअरिंगच्या टाय रॉडमधल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या होत्या. अशा मोहिमेत तुमची गाडी निघाली, तर दोषाचा भाग कंपनी फुकट बदलून देते. सेकंडहँड घेतलेल्या गाडीचं पत्र आधीच्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असू शकतं, तेव्हा नंबर स्वतःच तपासा.