भीती अनोळखी माणसाची, जखम घरातली

मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असा मजकूर 2018 च्या उन्हाळ्यात मोबाइलवरून मोबाइलवर पसरला. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेवर पोट भरणारी ती माणसं. 16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. कुणाचंही मूल पळवलं गेलेलं नव्हतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वेगळ्याच दिशेला बोट दाखवतात. 2022 मध्ये देशात 28,522 खुनांची नोंद झाली. त्यांत सर्वाधिक, 9,962, वादातून झाले; लाभासाठी केलेले 1,884. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत साधारण 95 टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात: नातलग, शेजारी, मित्र, मालक. स्त्रियांवरच्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा आहे.

आणि ही फक्त पोलिसांपर्यंत पोचलेली प्रकरणं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, 18 ते 49 वयाच्या विवाहितांपैकी सुमारे 29 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांपैकी मदत मागितली ती जेमतेम 14 टक्क्यांनी.

म्हणून स्त्रियांना वाटणारी भीती खोटी ठरत नाही. मात्र ती भलतीकडे वळली की मुलीची शाळा सुटते, लग्न लवकर उरकलं जातं, आणि काका किंवा शेजारी यांच्याबद्दल ती काही सांगू पाहते तेव्हा ऐकायला कुणी नसतं.

पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई दवाखान्यात मात्र येते. बाथरूममध्ये पाय घसरला, असं ती सांगते. गोळ्या घेऊन जाते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने 2000 साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, ते नेमकं हे ओळखून. तिथल्या कामाने दाखवून दिलं की परिचारिका आणि डॉक्टर प्रशिक्षित असले, तर रुग्णालय हे मदतीचं पहिलं ठिकाण होऊ शकतं.

खासगी दवाखाना चालवणाऱ्यांनाही त्यातलं बरंच करता येईल. सोबत आलेल्याला बाहेर बसवून एकटीशी बोलणं. जखम कुठे, केवढी, किती दिवसांची, आणि ती कशी झाली हे तिच्याच शब्दांत केसपेपरवर लिहिणं. न्यायालयात ही नोंद फार कामी येते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, हे तिला सांगणं. मूल अठराच्या आतलं असेल, तर पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. पुरावा शोधणं हे त्याचं काम नाही.

तालुक्याच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ‘दिलासा’सारखी खोली आणि एक समुपदेशक हवी. डॉक्टरांच्या संघटनांनी ही मागणी यंदाच्या अंदाजपत्रकाआधी लावून धरावी.